‘पडले’ म्हणणारी बाई : दवाखान्यातली माणसे काय करू शकतात?



आपल्या इंदूरच्या मंडळींत डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, लॅब चालवणारे, औषधाचे दुकान असणारे सभासद पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये काही बायका अशा असतात, की केसपेपरवर ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असे लिहिलेले असते, पण पाय घसरलेला नसतो. घरात मार खाल्लेला असतो. अशा वेळी दवाखान्यातल्या माणसाने नेमके काय करावे, कायदा काय म्हणतो, आणि डॉक्टर नसलेल्या आपण सगळ्यांनी काय करावे, हे एका ठिकाणी मांडावे म्हणून हा लेख.

हा प्रश्न आपला आहे का?

‘आपल्यात असे होत नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या (किंवा होऊन मोडलेल्या) बायकांना नवऱ्याकडून होणाऱ्या शारीरिक व लैंगिक हिंसेबद्दल विचारले गेले. देशभरात शंभरातल्या २९ जणींनी ‘हो’ म्हटले. मध्य प्रदेशात हे प्रमाण २८ टक्के, महाराष्ट्रात २५, तेलंगणात जवळजवळ ३७, कर्नाटकात ४४, गुजरातेत १४ आणि गोव्यात ८ टक्के निघाले. म्हणजे मराठी माणसे जिथे जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, त्यातला एकही प्रांत यातून सुटलेला नाही. शिवाय हे आकडे फक्त बोलून दाखवलेल्या हिंसेचे आहेत.

याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी कुणाचीही मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. त्यांनीही बहुतेक वेळा माहेरच गाठले. पोलीस किंवा वकील फार पुढची गोष्ट.

पण दवाखान्यात मात्र त्या येतात. हात मोडला तर प्लास्टर लागतेच, दिवस गेले तर तपासणीला जावेच लागते, मुलाला लस द्यायची असते. पोलीस ठाण्याची पायरी चढायला घरातून परवानगी मिळत नाही, दवाखान्याची मिळते. म्हणून घरात कोंडलेल्या बाईला भेटणारा बाहेरचा पहिला माणूस बरेचदा नर्स किंवा डॉक्टर असतो. ती भेट दहा मिनिटांची असते आणि पुन्हा कधी होईल ते सांगता येत नाही.

कशावरून ओळखावे?

चेहरा, मान, छाती, पोट यांवरचे मार. हाताच्या पुढच्या भागावर, म्हणजे वार अडवताना लागतात तशा जखमा. काही वळ ताजे आणि काही जुने. दोन दिवस उशिरा दवाखान्यात येणे. सांगितलेली हकिगत आणि जखम यांचा मेळ न बसणे. ही नजरेला दिसणारी लक्षणे झाली.

न दिसणारी त्याहून जास्त असतात. वर्षानुवर्षे डोकेदुखी, पाठदुखी, पोटदुखी, पण सगळे रिपोर्ट नॉर्मल. झोप नाही म्हणून चालू झालेल्या आणि कधीच बंद न झालेल्या गोळ्या. वारंवार होणारे लघवीचे किंवा अंगावरून जाण्याचे त्रास. नको असताना राहणारे दिवस, पुन्हा पुन्हा गर्भपात, गरोदरपणात पोटाला लागलेला मार. ‘चुकून’ पोटात गेलेले फिनाइल किंवा उंदराचे औषध. आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिच्याऐवजी शेजारी उभा असलेला नवरा किंवा सासू देते, हेसुद्धा लक्षणच.

एका लक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे : गळा दाबणे. गळा दाबल्यावर कातडीवर बरेचदा काहीच खूण राहत नाही. आवाज बसलेला असतो, गिळताना दुखते, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, मध्ये शुद्ध गेली होती असे ती सांगते. याला ‘घसा धरलाय’ म्हणून गुळण्या देऊन घरी पाठवू नये. नंतर सूज वाढून जीव धोक्यात येऊ शकतो. शिवाय ज्या घरात एकदा गळा दाबला गेला, तिथे पुढे खून होण्याचा धोका बराच वाढतो, असे अनेक देशांतल्या अनुभवातून दिसले आहे.

विचारायचे, पण एकटीला

जागतिक आरोग्य संघटनेने याविषयी २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. येणाऱ्या सरसकट प्रत्येक बाईला ‘तुम्हाला कुणी मारते का’ असे विचारा, असे त्या म्हणत नाहीत. वर सांगितल्यासारखी लक्षणे दिसली तर विचारा, असे म्हणतात. गरोदर बाईच्या तपासणीत ही चौकशी विशेष महत्त्वाची मानली आहे. अट एकच, ती एकटी असली पाहिजे. दोन वर्षांवरचे मूलही शेजारी नसावे, कारण मूल घरी जाऊन सांगते.

नवऱ्याला बाहेर काढायला भांडण लागत नाही. ‘वजन-बीपी बघायला ताईंना आत घेते’, ‘लघवीचा नमुना द्यायचाय’, ‘तुम्ही तोवर काउंटरवर पेपर करून आणा’ एवढे पुरते. चांगल्या दवाखान्यात ‘तपासणीच्या वेळी पेशंट एकटा’ असा सगळ्यांसाठीच नियम ठेवतात. मग कुणाला वेगळे वाटत नाही.

आणि मग प्रश्न. तो थेट असावा, पण दोषाचा वास नसावा. ‘ताई, अशा जखमा घरात मारहाण झाली की होतात, म्हणून आम्ही विचारतो. तुमच्या बाबतीत असे काही झालेय का?’ किंवा ‘घरी कुणाची भीती वाटते का?’ तिने ‘नाही’ म्हटले तर खोदून विचारू नये. ‘बरं. पण कधी काही सांगावेसे वाटले तर इथे या’, एवढे म्हणून दार उघडे ठेवावे. बरेचदा उत्तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत येते.

इथे आपल्यासारख्या गावांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे भाषा. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन नुकत्याच इंदुरात आलेल्या मुलीला आपले दुखणे हिंदीत नीट सांगता येत नाही. बेळगावच्या सरकारी दवाखान्यात मराठीच बोलणाऱ्या बाईचे तेच होते, हैदराबादेतही तेच. मग सोबत आलेला नवरा किंवा नणंद दुभाषी होते. ज्याने मारले तोच तिचे म्हणणे डॉक्टरांना सांगतो! घरच्या माणसाला दुभाषी करू नये, हा यातला पक्का नियम आहे. आणि मराठी येणारी नर्स, आया किंवा टेक्निशियन इथे मोठे काम करू शकते. आपल्या आरोग्यक्षेत्रातल्या सभासदांनी आपापल्या रुग्णालयात ‘मराठी पेशंट असेल तर मला हाक मारा’ एवढे सांगून ठेवले तरी फरक पडेल. आपल्याकडे कामाला येणाऱ्या निमाडी किंवा माळवी बोलणाऱ्या बायांच्या बाबतीत हेच उलट दिशेने लागू आहे.

सांगितल्यावर काय करायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या मदतीच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. आपल्या शब्दांत त्या अशा : ऐका, तिला आत्ता काय हवे ते विचारा, तिच्यावर विश्वास असल्याचे सांगा, तिची सुरक्षितता वाढवा, पुढच्या मदतीशी जोडून द्या. या कामाला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. प्रशिक्षण घेतलेली नर्स हे उत्तम करते.

तिसरी पायरी वाटते तेवढी सोपी नाही. ‘यात तुमची काही चूक नाही. कुणालाही मारून घ्यावे लागू नये. तुम्ही सांगितले हे बरे केले.’ ही तीन वाक्ये तिने कदाचित आयुष्यात प्रथमच ऐकलेली असतात. ‘तुम्ही काय बोललात म्हणून मारले?’, ‘जरा सांभाळून घ्या’, ‘शिकलेल्या आहात, मग राहता कशाला?’ ही वाक्ये मात्र दार बंद करतात. शेवटचे वाक्य सहानुभूतीने म्हटले तरी दोष तिच्याच पदरात टाकते.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून समजावणे. हेतू चांगला असतो, पण ‘बाहेर सांगितलेस?’ याची शिक्षा त्या रात्री तिला घरी भोगावी लागते. डॉक्टरने पंच होऊ नये.

औषध पिऊन आलेल्या बाईला आणखी एक धीर द्यावा लागतो. पोलीस केस होईल या भीतीने ती आणि घरचे खोटे सांगतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असेच गृहीत धरले जाते आणि त्याबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. हे तिला स्पष्ट सांगितले, की खरे कारण बाहेर यायची शक्यता वाढते.

लिहून ठेवणे : सर्वांत मोठे काम

सहा महिन्यांनी ती कोर्टात उभी राहिली तर तिचे वळ गेलेले असतील. केसपेपर मात्र असेल. म्हणून नोंद नीट हवी. ‘घरगुती भांडण’ किंवा ‘मार लागल्याचा इतिहास’ असे मोघम लिहू नये. ‘काल रात्री दहाच्या सुमारास पतीने बेल्टने पाठीवर मारले, असे रुग्ण सांगते’ असे तिच्याच शब्दांत लिहावे : कोणी, केव्हा, कशाने, कुठे. जखमेचे माप, रंग, जागा लिहावी. शरीराच्या आकृतीवर खूण करावी. याआधी असे झाले होते का, तेही लिहावे. तिच्या मनाची अवस्था जशी दिसली तशी लिहावी. जखम आणि तिने सांगितलेले कारण जुळते का, हे मत द्यावे. ‘तिचा दावा आहे’ असा शंकेचा सूर नको आणि डॉक्टरने स्वतः निकालही देऊ नये.

एक सावधगिरी : ही नोंद रुग्णालयाच्या कागदांत राहावी. तिच्या हातात घरी जाणाऱ्या चिठ्ठीवर फक्त औषधे असावीत, कारण ती चिठ्ठी घरात वाचली जाणार असते.

मेडिको-लीगल केस, म्हणजे एमएलसी करायची का, हे तिला समजावून विचारावे. पोलिसांत आज जायचे नसले तरी नोंद झालेली असणे तिच्या उपयोगाचे आहे, हेही सांगावे. ‘आधी पोलिसांत जा, मग उपचार’ असे म्हणायला कुठल्याही कायद्यात आधार नाही. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या बाबतीत सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार देणे आणि पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलीवरचा लैंगिक अत्याचार कळल्यावर कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. म्हणून ‘तुमचे सगळे गुप्त राहील’ असे आधीच वचन देऊ नये. काय गुप्त राहील आणि काय कळवावे लागेल, ते तिने बोलण्याआधी सांगावे.

२००५ चा कायदा काय देतो?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. यात मारहाणीबरोबर लैंगिक छळ, शिवीगाळ-अपमान आणि पैशाची कोंडी याही गोष्टी हिंसा मानल्या आहेत. तो फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नासारख्या नात्यात राहणारी बाई, सगळ्यांना लागू आहे. मुलाचा मार खाणारी सत्तरीची आई यात येते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.

राज्य सरकारने या कायद्यासाठी अधिसूचित केलेल्या रुग्णालयांवर त्याने काही कर्तव्ये टाकली आहेत. तिने किंवा संरक्षण अधिकाऱ्याने मागितल्यावर उपचार नाकारता येत नाहीत. आधी कुठे अहवाल झाला नाही, या कारणावरून तर नाहीच. तसा अहवाल नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात घटनेचा अहवाल भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत तिला मोफत मिळते.

पुढे मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केल्यावर मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश, खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई असे दिलासे मागता येतात. घर तिच्या नावावर नसले तरी राहण्याचा हक्क आहे. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात उशीर होतो हे खरे. म्हणूनच हाताशी असलेला नीट लिहिलेला वैद्यकीय कागद मोलाचा ठरतो. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न घालता कोणत्याही महिलेला मोफत वकील मिळतो.

घरी परत जाणार असेल तर

बहुतेक जणी घरीच परत जातात. मुले असतात, पैसे नसतात, माहेर लांब असते. याला अपयश समजू नये. कधी आणि कसे बाहेर पडायचे, हे तिच्याइतके कुणाला कळत नाही. घर सोडतानाचे दिवसच बरेचदा सर्वांत धोक्याचे असतात.

जाण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. मार वाढत चाललाय का? गळा दाबला का? घरात हत्यार आहे का? जिवे मारण्याची धमकी दिली का? गरोदरपणात मारले का? आज घरी जायला भीती वाटते का? उत्तरे ‘हो’ अशी आली तर तिच्या संमतीने एखादा दिवस ‘निरीक्षणासाठी’ भरती करून घेता येते. मग आसरा आणि पुढची सोय पाहायला वेळ मिळतो.

नाहीतर साधी तयारी करून द्यावी : आधार कार्ड, मुलांचे दाखले, बँकेचे पासबुक, थोडे पैसे एका ठिकाणी किंवा विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवणे, शेजारणीशी खुणेचा शब्द ठरवणे, हेल्पलाइनचा नंबर पाठ करणे. भांडण पेटले तर स्वयंपाकघरात किंवा कडी लागणाऱ्या खोलीत अडकू नये, बाहेरच्या दाराकडे सरकावे, हेही सांगावे.

हे खरेच होऊ शकते का?

होऊ शकते, आणि मराठी मुलखातच त्याची सुरुवात झाली. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. रुग्णालयातच समुपदेशनाची खोली, आणि नर्स-डॉक्टरांनाच प्रशिक्षण देऊन अशा बायका ओळखायला शिकवणे, अशी त्याची रीत. बाईला वेगळ्या पत्त्यावर जावे लागत नाही. ‘ड्रेसिंगला जाते’ सांगून ती येऊ शकते. पुढे मुंबईतल्या इतर महापालिका रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. औरंगाबाद आणि मिरज-सांगलीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही कर्मचाऱ्यांना असे प्रशिक्षण दिले गेले. आपल्या मध्य प्रदेशात भोपाळच्या जयप्रकाश जिल्हा रुग्णालयाच्या आवारात २०१४ मध्ये ‘गौरवी’ हे एकाच छताखाली मदत देणारे केंद्र सुरू झाले. २०१५ पासून केंद्र सरकारच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटर योजनेतून देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रे उघडली गेली.

आपल्यापुरते तीन बोल

पहिला, आपल्या फॅमिली डॉक्टरांसाठी. आपल्याकडे तीन पिढ्यांचा डॉक्टर एकच असतो. तो सासूचे बीपी बघतो, नवऱ्याबरोबर गणेशोत्सवाच्या कमिटीत बसतो आणि सुनेचे वळही त्यालाच दिसतात. ही ओळखच तिच्या तोंडाला कुलूप लावते. म्हणून अशा डॉक्टरांनी तिला आपणहून सांगावे, ‘इथे बोललेले तुमच्या घरात कुणालाही कळणार नाही.’ आणि ते खरोखर पाळावे. स्वतःला अवघड वाटत असेल तर तिला दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा सखी केंद्राकडे जोडून द्यावे. डोळेझाक करू नये.

दुसरा, दवाखान्यात काम करणाऱ्या सगळ्यांसाठी. नाव न घेता सांगितलेली ‘केस’सुद्धा आपल्या लहान समाजात ओळखू येते. हळदीकुंकवात, कोजागरीला, व्हॉट्सॲपवर असा विषय निघता कामा नये.

तिसरा, उरलेल्या आपण सगळ्यांसाठी. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी हिंसा होते आहे असे वाटल्यास कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. शक्य तिथे आधी तिला विचारावे. आणि शेजारची सून दवाखान्यात जायची म्हणाली, तर ‘मी येते सोबत’ म्हणावे. सोबतीला सासूऐवजी शेजारीण असली, तर डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

जवळ ठेवायचे नंबर : महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२. मध्य प्रदेशातल्या पोलीस ठाण्यांत ‘ऊर्जा’ महिला डेस्क आहेत, तिथेही जाता येते. आरोग्यक्षेत्रातल्या सभासदांनी हे नंबर आपल्या दवाखान्यात बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावेत, ही विनंती. ती एकटी असते अशी दवाखान्यातली तेवढीच जागा असते.